राळ्याची खुरपणी

राळा म्हणजे बाजरीहून बारीक दाण्याचे जुने धान्य. कोवळेपणी त्याचे रोप अगदी गवतासारखे दिसते. त्याच्या लागवडीचे प्रशिक्षण देत मी वैरागकडच्या गावांतून हिंडत होतो. सखूबाईंचे गाव त्या दिवसातले तिसरे. त्या शेतकरी बाईंनी घरातले शेवटचे मूठभर बी पेरले होते. त्यांच्याच वाफ्यात मी जमलेल्या गावकऱ्यांना खुरपून दाखवले. दोन ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, "सायेब, गवत लई निगुतीनं राखलंत की! राळा तेवढा उपटलात."

"मग आधी का नाही सांगितलेत?"

"शिकवणाऱ्याच्या मदी बोलू न्हाय म्हणत्यात."

माझे सहकारी हा किस्सा सांगताना म्हणतात की तेव्हा सगळे खदखदून हसले. ते खरे नाही. कोणीही हसले नाही. सगळे खाली बसून गवत काढू लागले आणि उपटलेला राळा पुन्हा लावू लागले. मी तेवढा उभा राहिलो, कारण त्यातले काय उपटावे आणि काय लावावे, हे मला अजूनही कळत नव्हते.