तहसीलदाराची मधली दांडी

चहा थंड झाला तर होऊ द्या, आधी आमच्या गंगाक्काचं ऐका. निजामाचं राज्य होतं. हुमनाबादचे तहसीलदारसाहेब क्रिकेटचे मोठे शौकीन. पंच म्हणून त्यांच्याच कचेरीतला पेशकार, त्यामुळं साहेब कधी आऊटच व्हायचे न्हाईत. एकदा आमच्या टीमला गडी कमी पडला, तर माझी थोरली बहीण गंगाक्का पदर खोचून बोलिंगला उतरली. आमचे वडील, अप्पा, साहेबांच्याच कचेरीत चपराशी. ते कडेवरून ओरडले, "अगं, हळू टाक! माझी नोकरी जाईल!"

अक्कानं पहिल्याच चेंडूला साहेबाची मधली दांडी उडवली.

पेशकार आभाळाकडं बघायला लागला. साहेब म्हणले, "औरतों की गेंद नइं गिनते!"

तेवढ्यात मैदानाकडेला बायांसाठी लावलेल्या पडद्याआडून साहेबांची बायको, बेगमसाहेबा, कडाडल्या, "औट हैं जी आप! चलो, बाहर आव!"

साहेब मुकाट्यानं गेले. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, बायांनी मैदानात पाय ठेवायचा न्हाई. अप्पा म्हणले, "बास कर आता तुझं क्रिकेट."

अक्का चपला घालायली होती. "कामून? बेगमसाहेबांनी जनान्याच्या अंगणात शिकवायला बोलावलंय. तिथं बाया जमल्या की साहेबालाच बंदी हाय."