पेटीवरचा आरसा

बाई — मागून बोलू नका हो. माझं डोकं तांबडीच्या पोटाला टेकलेलं, हातात धार. समोर येऊन बोला.

नवरा — आलो. म्हटलं, आज धार मी काढतो.

बाई — का?

नवरा — सहज.

बाई — लग्न झाल्यापासून संध्याकाळची धार माझी. आणि तुम्ही सहज म्हणून गवताची पेंढीसुद्धा उचलत नाही. काय झालंय?

नवरा — काही नाही.

बाई — मग तो पाट ओढा, बसा, आणि ते 'काही नाही' सांगून टाका. उगाच तिच्या शेपटीशी घुटमळू नका, पान्हा चोरते ती.

नवरा — दुपारी चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. तू मळ्यात भाजी खुडत होतीस.

बाई — मग हाक नाही मारायची?

नवरा — मारली. बांधावर येऊन मारली.

(बादलीत पडणारी धार थांबते.)

बाई — वारा असेल.

नवरा — वारा नव्हता गं.

बाई — बरं. काय म्हणत होता तो?

नवरा — चहा घेतला. गाईची चौकशी केली. शेंगदाण्याची चौकशी केली. खुर्चीच्या टोकावर बसला होता बघ, तुझ्या वर्गात गृहपाठ न करता बसायचा तसा.

बाई — म्हणजे माझंच काहीतरी आहे. पाढ्यांसाठी फार रडवलं मी त्याला. अजून उपदेशात आकडा आला की आधी माझ्याकडे बघतो. मी मान हलवली की मगच पुढं जातो. बोला ना, अडलात कुठं?

नवरा — पेटीबद्दल म्हणत होता.

बाई — भाता फाटला का परत? मी सांगितलं होतं, उंदरांचा बंदोबस्त करा. पायपेटीचा भाता म्हणजे कातडं, ते काय सोडतात होय!

नवरा — भाता चांगला आहे.

बाई — मग पट्टी अडकते का कुठली?

नवरा — पेटीला काही झालेलं नाही, बाई.

बाई — तुम्ही कशाला बाई म्हणता मला? गाव म्हणतं ते पुरे आहे. तुम्ही 'बाई' म्हटलं की मला धडकीच भरते. वासरू मेलं तेव्हा म्हणाला होतात.

नवरा — गेल्या रविवारचं शेवटचं गीत आठवतं?

बाई — न आठवायला काय झालं! छान झालं.

नवरा — शेवटचं कडवं झालं, लोकांनी पुस्तकं मिटली. आणि तू परत सुरू केलंस.

बाई — काहीतरीच काय! लोक गात होते.

नवरा — कोणी गात नव्हतं.

बाई — अहो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

नवरा — डोळ्यांनी? पेटीवर बसलीस की तुझी पाठ असते आमच्याकडे.

बाई — पेटीवर आरसा आहे ना छोटा, पाळक उभा राहिला की कळावं म्हणून लावलेला. त्यात बघितलं.

नवरा — तळहाताएवढा आरसा तो. त्यात अख्खी मंडळी दिसते?

बाई — नाही. जरा कलता केला की एकच बाक दिसतो. खिडकीजवळचा. तुमचा.

नवरा — अरे देवा.

बाई — काय झालं?

नवरा — मी एकटाच गात होतो गं.

बाई — तुम्ही? एकटे?

नवरा — तू परत सूर धरलास आणि सगळं चर्च गप्प. पोस्टमन मागं वळून बघायला लागला. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. तुला तशी एकटीला कशी सोडू? म्हटलं, निदान एक माणूस तरी गातोय असं होऊ दे. म्हणून गायलो. मोठ्यानं.

बाई — तुमच्या त्या आवाजात!

नवरा — दुसरा कुठून आणू?

बाई — आणि तुमचं तोंड हलतंय हे बघून मी आणखी एक कडवं वाजवलं.

नवरा — तेही गायलो. पुढचे शब्द नव्हते, मग पहिलेच परत म्हटले.

बाई — हसू का रडू, तेच कळत नाही मला.

नवरा — कधीपासून ऐकू येत नाही?

बाई — दोन सुग्या झाल्या असतील. आधी शाळेतल्या मुलींची कुजबुज गेली. मला वाटलं, शेवटी सुधारल्या एकदाच्या. मग पाखरं गेली. मग पेटीचे वरचे सूर. बोटाला कळतं पट्टी दाबलीय, कानाला नाही.

नवरा — आणि मला बोलली नाहीस?

बाई — बोलले असते तर खरं झालं असतं. तुमच्यावरच भार टाकला मग. आरशात तुमचं तोंड बघायचं आणि तसं वाजवायचं.

नवरा — माझ्यावर? अगं, मला ताल कधी कळलाय? बैल हाकल्यासारखं गाता, म्हणून तूच हसायचीस. मी तर तुझ्याकडे बघून गातो. तुझा कोपर खाली गेला की शब्द सोडतो.

बाई — म्हणजे मी तुमची वाट बघायची आणि तुम्ही माझी.

नवरा — म्हणूनच गीतं लांबत चाललीत. पाळकसाहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना तेवढं उभं राहवत नाही. दम पुरत नाही कोणाचा.

बाई — आणि मंडळी गप्प राहिली इतके दिवस?

नवरा — निम्मी तुझ्या हाताखालून गेलीत. तुला सांगायची कोणाची छाती आहे?

बाई — आता वाजवणार कोण? पोस्टमनची सून?

नवरा — तसं म्हणत होते.

बाई — हात चांगला आहे तिचा. पायांची घाई करते. भाता दमानं हलवायचा, किती वेळा सांगितलं तिला. ... मी रागावलेय.

नवरा — साहजिक आहे. पण पाळकाचा काय दोष?

बाई — त्याच्यावर नाही. त्या वर बसलेल्यावर.

नवरा — असं बोलू नये.

बाई — मनातलं ऐकतोच की तो, मग तोंडानं बोलले तर काय बिघडलं? मी मागितलं होतं त्याच्याकडे. म्हटलं, म्हातारपणी काही घ्यायचंच असेल तर गुडघे घे, डोळे घे, कान तेवढे ठेव. गुडघे ठेवले त्यानं. प्रार्थनेला लागतात ना!

नवरा — डोळे पूस आधी. तांबडी बघतेय.

बाई — बघू दे. आई गेली तेव्हा मीच वाजवलं. लेकीच्या लग्नात मीच वाजवलं, ती दारातून निघून गेली तरी वाजवत होते. लोक म्हणायचे, बाई किती खंबीर! खंबीर कसली डोंबलाची! मला प्रार्थनेत शब्दच सुचत नाहीत हो. मुलांना शिकवायचे, पण स्वतःचे म्हणून सुचत नाहीत. हातांनीच करत आले मी प्रार्थना. आता कशानं करू?

नवरा — मला नाही सांगता येणार. मला वाईट वाटतंय, एवढं कळतं.

बाई — पाळकाला सांगा, त्यानं काही बोलायचं नाही. चर्चमध्ये उभं राहून माझं कौतुक तर अजिबात करायचं नाही. उद्या रविवारी मी जाईन, पहिलं गीत वाजवीन, आणि पोस्टमनच्या सुनेला हात धरून बसवीन पेटीवर.

नवरा — बरं.

बाई — पण मग मी जाऊ कुठं? सगळ्यांसमोर उभी राहू? बाकावर मी कधी बसलेच नाही.

नवरा — माझ्या शेजारी बस.

बाई — तिथं तुमची टोपी असते. आरशात दिसते मला. भिंतीला खुंटी असताना माणसाच्या जागेवर टोपी ठेवता. चारचौघांत काय बोलायचं, म्हणून गप्प बसले आजवर.

नवरा — जागा धरायला ठेवतो.

बाई — कोणासाठी?

नवरा — लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ठेवली. म्हटलं, वाजवून झालं की येशील. उपासना संपेपर्यंत तुला उठताच आलं नाही. पुढच्या रविवारी परत ठेवली.

बाई — आणि तेव्हापासून रोज?

नवरा — दर रविवारी.

बाई — बोलला नाहीत कधी.

नवरा — तुझं वाजवणं चालू असायचं.

बाई — ती बादली घ्या इकडं. सांडेल.

नवरा — घेतली.

बाई — उद्या टोपी खुंटीला लावा.