‘अँड’च्या आधीचा कॉमा

नाही नाही, रतिलालभाऊ, मशीन थांबवा आधी — एक कॉमा राहिलाय. हसू नका. ते अर्पणपत्रिकेचं पान काढा. माझी पुनम डॉक्टरेट करतेय, केळीच्या करपा रोगावर वर्षानुवर्षं खपली पोर, प्रबंध छापून बाइंडिंग करून घ्यायचं तेवढं काम माझ्याकडे दिलंय — आणि पहिल्याच पानावर हे! वाचा. ‘टू माय पेरेंट्स, रत्नामामी अँड नवलमामा.’ किती माणसं झाली? चौघं? कुठून चौघं, भाऊ! असं वाचलं तर दोघंच उरतात — माझे आईबाप, म्हणजे कोण, तर रत्नामामी आणि नवलमामा. मी आणि तिची आई प्रमिला गेलो हवेत! मामीनंतर, ‘अँड’च्या आधी एक कॉमा द्या — की आईबाप वेगळे, मामी वेगळी, मामा वेगळा. एवढंच.

काय? ‘अँड’च्या आधी कॉमा नसतो? मला सांगता? रावेरच्या शाळेत रिटायर होईपर्यंत इंग्रजी मीच शिकवलं. ‘अँड’च्या आधी कॉमा दिसला की लाल पेनाने खोडायचो. पण अर्थ फिरत असेल तर द्यावा लागतो ना! विद्यापीठातली माणसं वाचतील, त्यांना काय ठाऊक बाप कोण? आणि धुळ्याची माणसं — ती तर वाचून मान डोलावतील, तोच ताप आहे.

नाही, म्हणजे तसं काही नाही. पोर लहानपणी धुळ्याला होती, मामाकडे. प्रमिलाचं दुखणं निघालं, मी दिवसभर शाळेत — अंगावरची पोर सांभाळणार कोण? रत्नावहिनी म्हणाल्या, ‘पोरले आठेच राहू द्या, पाहुणे’ — इथेच, त्यांच्याकडे. त्या घरात मला पाहुणेच म्हणतात, जावई ना मी. प्रमिला बरी व्हायला दोन-तीन वर्षं गेली, मग मी न्यायला गेलो, तर ही दारातून आत पळाली — ‘मामी, पाहुणे आले!’ सगळं घर हसलं. मीही हसलो. मग शाळा तिथे, मैत्रिणी तिथे, कॉलेज तिथे. पण सुट्टीला यायची की रावेरला! यायची — आणि दोन दिवस झाले की विचारायची, मला घरी कधी सोडणार? — घरी! — अहो, लहान होती, लहान पोरं काहीही बोलतात. तुम्ही कॉमा द्या.

तिला विचारल्याशिवाय नाही म्हणता? अहो, बाप आहे मी तिचा! — बरं, लावतो. एवढ्याशा कॉमासाठी…

हॅलो, पुनम? हो, मीच. जळगावला, रतिलालभाऊंकडे. काही नाही गं, अर्पणपत्रिकेत एक कॉमा राहिलाय — नाही, चूक नाही म्हणत, हे भाऊच म्हणाले की अर्थ जरा… काय? — तुझ्या लक्षात आलं होतं? — मग दिला का नाहीस? — हं. — हं. — आईला दाखवलं होतंस? काय म्हणाली? — तीच म्हणाली, राहू दे? — नाही, मी कशाला रागावू! — घाल म्हणतेस? माझ्यासाठी? नको. — नको म्हटलं ना! जेवलीस का? बरं. ठेवतो.

काय बघताय, भाऊ? सुरू करा मशीन. आहे तसंच.