‘मला’ म्हणणारं भूत

पोलीस ठाणे, अकोला. तारीख १४ नोव्हेंबर १९६३.

नाव शकुन भ्रतार शेषराव वानखडे, वय अंदाजे चौतीस, धर्म बौद्ध, धंदा जिनिंगमध्ये मजुरी, राहणार जठारपेठ, अकोला.

ठाण्यात स्वतः हजर होऊन, कोणी न शिकवता सांगते ती हकीकत अशी की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझे पती शेषराव वारले. सासू पार्बताबाई मागच्या उन्हाळ्यात वारली. तिचे सगळे मीच केले, म्हणून तिने दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर करून दिले. माझा दीर किसन एका टॉकीजच्या दरवाजावर तिकिटे फाडतो. घराचे त्याला खपले नाही.

पोळा झाल्यापासून दिवेलागणीला माझ्या घरात प्रकार सुरू झाले. पहिले माळ्यावर पैंजण वाजले. मग कंदील आपोआप फडफडू लागला. मग पांढरे लुगडे खिडकीसमोरून गेले. एके दिवशी रिकामा पाळणा हलताना दिसला. घरात पाळणा कशाचा, असे जमादारांनी विचारले. ते जबाबात लिहायची गरज नाही.

मी दीक्षा घेतलेली बाई आहे, भूतखेत मानत नाही. पण मानत नाही म्हटल्याने भेव जात नाही. मी भ्याली, खोटं काहून सांगू. जेवण तुटले, कामावर खाडे पडू लागले. किसन मोहल्ल्यात सांगत फिरला की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला, तिला नागपूरच्या पागलखान्यात ठेवावे लागेल. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मलाही वाटू लागले की तो म्हणतो ते खरे असेल.

काल सांजेला पहिल्यांदा माळ्यावरून सासूचा आवाज आला, “सूनबाई, मला मुक्ती हवी आहे. हे घर सोडून जा.” जमादारांनी ओघात येथे ‘मले’ लिहिले होते, ते मी खोडायला लावले. माझे बोलणे कसेही लिहा, पण भूत ‘मला’ असेच म्हणाले. माझी सासू बार्शीटाकळीची. जन्मात कधी ‘मला’ म्हणाली नाही, आमच्याकडच्यासारखे ‘मले’च म्हणायची. सूनबाई तर नाहीच, “काय वो शकुन” म्हणायची, आणि मुक्तीच्या पहिले चहा मागितला असता.

असे सिनेमातली बाई बोलते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किसन पूर्वी मला फुकट पिक्चर दाखवायचा. भेवाच्या पिक्चरमध्ये आधी पैंजण, मग दिवा, मग पांढरी साडी, मग रिकामा झोपाळा. आमच्याकडे झोपाळा नाही, म्हणून त्याने पाळणा घेतला. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. शेवटी बाई किंचाळते, लोक धावत येतात आणि तिला वेडी ठरवतात. म्हणजे आता लोक येणार हे मी समजली. काल मी पोटभर जेवली.

आज सांजेला तसेच झाले. अंगणात शेजारीण सुंदराबाई व हरिहर वकील येऊन उभे राहिले. किसननेच त्यांना बोलावले होते, की वहिनी हवेशी कशी बोलते ते डोळ्यांनी पाहा, म्हणजे पागलखान्याच्या अर्जावर साक्षीची सही करता येईल. मला रेल्वे स्टेशनवर न्यायला टांगाही उभा होता. माळ्यावरून, अंगणात ऐकू जाणार नाही असा हळू आवाज आला, “सूनबाई, मला...”

मी किंचाळली नाही. पाटावर बसली आणि म्हटले, “बसा आत्याबाई. बरं झालं तुमी आल्या. तुमच्या लहान्या पोराचं सांगाचं होतं. लय बिनकामाचा निंगाला. बायको माहेरी गेली ते काई उगीच नाही.” माळ्यावर पैंजण वाजले. मी म्हटले, “लहानपनी अंथरुनात मुतत जाय, तुमीच सांगत होत्या. तसाच राहिला.”

तेव्हा भूत ओरडले, “मले बिनकामाचा म्हनते काय वो? थांब, खालीच येतो.”

आणि आला. पायात पैंजण, अंगावर सासूचे लुगडे, काखेत घागर. तिच्यात तोंड घालून तो आवाज काढत होता. वकीलसाहेब पाहतच राहिले. सुंदराबाईला इतके हसू आले की ती ओट्यावर खालीच बसली. मीही हसली. पोळ्यापासून पहिल्यांदा हसली.

किसन लुगडे सोडायला लागला, मी सोडू दिले नाही. माझ्यासाठी आणलेल्या टांग्यातच त्याला लुगड्यासकट बसवले. ठाण्याच्या वाटेत त्याचे टॉकीज लागते. तीनचा खेळ नुकताच सुटला होता. मी टांगेवाल्याला घोडा हळू चालवायला सांगितले.

वकीलसाहेब व सुंदराबाई साक्षीला हजर आहेत. दिराविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे. जबाब सांगितला तसा उतरला असून मला वाचून दाखवला. ‘पूर्ण शुद्धीत व अक्कलहुशारीने दिला’ हे शब्द जमादारांनी शेवटी आपल्या मनाने घातले. ते म्हणाले, हे सगळ्यांच्याच जबाबात असते. असू दे. तेवढी ओळ मी त्यांना परत मोठ्याने वाचायला लावली, बाकावर बसलेल्या किसनलाही ऐकू जाईल अशी. ती बरोबर आहे.

सही: शकुन शेषराव वानखडे