गाडी गरम होईपर्यंत

सून: डावा पाय उचला आधी.

सासरे: उचललाय.

सून: उचललाय म्हणे! मग ब्रेकवर काय माझा पाय आहे? आत्ता कपाळ फुटलं असतं माझं काचेवर.

सासरे: सवयीनं जातो गं तो. अख्खा जन्म बसचा क्लच दाबला त्यानं. त्याला कोण सांगणार, की बाबा रे, इथे क्लचच नाही.

सून: मी सांगतेय ना. ह्या गाडीत डाव्या पायाला काम नाही. रिटायर करा त्याला.

सासरे: मला केलं, आता त्यालाही करा.

सून: विनोद नंतर, बाबा. ट्रेन काही आपल्यासाठी थांबणार नाही. लिव्हर परत पी वर घ्या. हां. आता पुन्हा पहिल्यापासून. उजवा पाय ब्रेकवर. लिव्हर डी वर.

सासरे: घेतला. बघ, ढिम्म. काही होत नाही. मी म्हटलं नव्हतं?

सून: होतंय, वेळ लागतोय. मेकॅनिकनं तुमच्यासमोरच सांगितलं ना? थंडीत गिअरचं तेल घट्ट होतं, आणि आतली रबरं जुनी होऊन कडक झालीत. म्हणून डी टाकला तरी गिअर लगेच पडत नाही. धक्का बसेपर्यंत थांबायचं. तोवर अ‍ॅक्सिलेटर दाबायचा नाही.

सासरे: मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स बदला.

सून: आणि पुढे म्हणाला, त्यापेक्षा गाडीच बदला. तो म्हणेल, त्याचं काय जातंय? थंडीत सांभाळून घेतलं की चालते ही.

सासरे: आता माणसानं गाडीला सांभाळून घ्यायचं. आमच्या वेळी गाडी माणसाला सांभाळायची.

सून: तुमच्या वेळी प्रवासी उतरून बसला धक्का मारायचे, हे आई होत्या तेव्हा मला सांगायच्या. बोलू नका. बसला का धक्का?

सासरे: बसला वाटतं.

सून: वाटतं नाही, बसला. आता हळूच ब्रेक सोडा. हळू. बाबा, हळू! केवढी ओरडतेय ती!

सासरे: ओरडतेयच नुसती, पुढे कुठे जातेय? पहिल्या गिअरमध्येच अडकलीय. दुसरा घेईना.

सून: घेईल, दाबू नका... झालं. परत डावा पाय.

सासरे: जमत नाही गं मला हे. वय झालं माझं.

सून: काल चहा पिताना काय ठरलं आपलं?

सासरे: ठरलं कसलं? तू फर्मान काढलंस.

सून: फर्मान तर फर्मान. तुम्ही ह्या गाडीतून मला स्टेशनवर नीट पोचवलंत तर मी जाणार. नाहीतर बॅगा परत घरात. आणि त्यांना फोन करून सांगणार, की लग्न नको.

सासरे: अशा अटीवर कोणी लग्न करतं का?

सून: मी करते. कोपऱ्यावरून जाणारी बस बंद झाली. दुकान तिकडे, दवाखाना तिकडे, तुमचे पत्ते कुटणारे दोस्त तिकडे. गाडी चालवता आली नाही तर तुम्ही इथे दिवसभर काय करणार? भिंतींशी बोलणार? आणि मी तिकडे नव्या घरात सुखानं जेवणार?

सासरे: बंद केली ती माझ्याच रूटची बस. शेवटच्या फेरीला मला बोलावलंसुद्धा नाही.

सून: माहीत आहे.

सासरे: निदान सांगायचं तरी. मी हार घेऊन गेलो असतो.

सून: बाबा, विषय बदलू नका. ही गाडी तुमच्या मुलानं कोणासाठी घेतली होती? माझ्यासाठी?

सासरे: माझ्या गुडघ्यासाठी.

सून: हो. बिनक्लचची मिळावी म्हणून किती गाड्या बघितल्या त्यानं. आणि तुम्ही हिला नाव काय ठेवलंत?

सासरे: पाळणा.

सून: पाळणा! ज्याला चालवता येत नाही त्यानं बसायचा पाळणा. तो किती हसला होता.

सासरे: तो असता तर...

सून: तो असता तर मी आज कुठेच निघाले नसते. नका ना, बाबा. आत्ता नका.

सासरे: बरं, नाही.

सून: आणि ह्या लग्नाला हो म्हणायला मला कोणी लावलं? मी तर नाहीच म्हणत होते.

सासरे: माणूस बरा आहे तुझा चष्मेवाला. मी नीट बघितलाय त्याला. पहिल्यांदा आला तेव्हा ह्या गाडीचं दार त्यानं असं हळू लावलं. जुन्या गाडीचं दार जो आपटत नाही, तो माणूस घरात भांडी आपटणार नाही.

सून: एवढ्यावर पसंत केलंत तुम्ही त्यांना?

सासरे: मी दारावरूनच माणसं ओळखत आलोय. आयुष्यभर तेच बघितलं आरशात.

सून: मग त्या माणसाशी माझं लग्न व्हायला हवं असेल तर ही गाडी गेटाबाहेर काढा. चला. एकदा, शेवटचं.

सासरे: ...ब्रेक. डी. थांबलो. बसला धक्का. सोडतो... बघ, बघ कशी किंचाळतेय! नाही होत.

सून: परत दाबलात.

सासरे: नाही होत म्हटलं ना! राहू दे. टॅक्सी बोलाव तू.

सून: टॅक्सी नाही. अट म्हणजे अट. द्या ती किल्ली. मी बॅगा काढते मागून.

सासरे: अगं, दार कशाला उघडतेस? थंडी येतेय आत.

सून: तुम्ही उतरा. मीच लावते गाडी आत. आणि आत जाऊन फोन करते त्यांना. रडू नका म्हणजे झालं.

सासरे: मी कुठे रडतोय? तूच रडतेयस.

सून: सरका. ...हे काय? माझे पाय पोचत नाहीत.

सासरे: सीट मागे असेल.

सून: मागे आहे. एकदम मागे. बाबा, तुम्ही आत्ता गाडीत बसलात तेव्हा सीट सरकवली नव्हती.

सासरे: सरकवली असेल.

सून: नाही. मी तिकडून बघत होते. बसलात आणि सरळ पट्टा लावलात. काल संध्याकाळी गाडी मीच लावली, माझी सीट कायम पुढे असते. मग ही मागे कोणी केली?

सासरे: खटका ढिला झाला असेल.

सून: मलाही तसंच वाटत होतं. हल्ली सकाळी कामावर निघताना रोज सीट मागे. मी म्हणायचे खटका गेला, मेकॅनिकला दाखवायला हवा. एकदा बोनेट कोमट लागलं, तर म्हटलं मांजर झोपून गेलं असेल.

सासरे: मांजर येतंच इथे. काळं-पांढरं आहे ते.

सून: आणि इतके दिवस सकाळी गाडी कशी गुमान चालत होती. ना धक्का, ना आरडाओरड. मला वाटलं थंडी कमी झाली. थंडी कुठे कमी झालीय? माझी बोटं वाकत नाहीयेत. बाबा, माझ्याकडे बघा.

सासरे: बघतोय.

सून: तुम्ही रोज माझ्याआधी उठून गाडी चालवून आणत होतात.

सासरे: ...फार लांब नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत. आधी नुसती सुरू करून ठेवायचो, तू निघालीस की तुला त्रास नको म्हणून. मग म्हटलं, बसलोच आहे तर जरा फिरवून बघू. रस्त्यावर कोणी नसतं तेव्हा. हसायलाही कोणी नसतं.

सून: म्हणजे तुम्हाला येते ही चालवता.

सासरे: येते.

सून: डावा पाय?

सासरे: पहिल्या दिवशी गेला दोनदा. मग मुंडी खाली घालून बसला बिचारा.

सून: आणि आज? आज सीट तर मागे आहे. मग गाडी एवढी गार कशी?

सासरे: आजही आलो होतो. बसलो. किल्ली लावली.

सून: मग?

सासरे: फिरवली नाही.

सून: का?

सासरे: गार राहू दिली. म्हटलं, गार असली की त्रास देणारच. म्हातारा धडपडेल, हिला दया येईल, ही म्हणेल, जाऊ दे, मी राहते.

सून: बाबा...

सासरे: आता बोलतोय तर ऐक. तू उतरलीस ना बॅगा काढायला, तेव्हा मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मनासारखं झालं होतं. पण उलट भीतीच वाटली मला. म्हटलं, ही खरंच राहणार. माझ्या गुडघ्यापायी आणि ह्या खटाऱ्यापायी इथेच म्हातारी होणार.

सून: मी आनंदानं राहिले असते.

सासरे: खोटं बोलू नकोस. तुला आवडतो तो.

सून: ...हो. आवडतात.

सासरे: मग झालं तर. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, हे खरं आहे. आणि तू जावंस असं वाटतं, तेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकदम कसं, ते मला विचारू नकोस. मला घर खायला उठणार आहे, ते मी बघून घेईन. ऊठ तिथून. ही ड्रायव्हरची जागा आहे.

सून: आधी डोळे पुसा. दिसणार नाही रस्ता.

सासरे: तू पूस तुझे. काजळ गालावर आलंय, त्या चष्मेवाल्याला वाटेल मी मारून पाठवली. दार नीट लाव. आपटू नकोस.

सून: लावलं.

सासरे: पट्टा?

सून: लावला.

सासरे: मग बेल दे.

सून: काय?

सासरे: कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. कधीच हलवली नाही.

सून: टिंग टिंग.

सासरे: आता गप्प बस आणि कान दे. सुरू केल्या केल्या हिचा आवाज चढा असतो. तो असा खाली येऊ द्यायचा... हा बघ आला. आता डी. थांबायचं... हा धक्का. सोडला ब्रेक. आता ओरडायला लागेल. ओरडली की तू काय करतेस?

सून: जोर देते थोडा. म्हणजे दुसरा पडेल.

सासरे: तिथेच चुकतेस. गारठलेल्याला दटावून काय उपयोग? उलट पाय उचलायचा. एवढासाच. ऐक.

सून: अय्या! पडला! कळलंसुद्धा नाही. बाबा, मी इतके हिवाळे आदळआपट करत गेले कामावर!

सासरे: मला ऐकू यायचं ना अंथरुणात. पार कोपऱ्यावर जाईपर्यंत ऐकू यायचं.

सून: मग सांगितलं का नाहीत?

सासरे: म्हटलं, पाळण्याला नावं ठेवणारा मी, आता कुठल्या तोंडानं शिकवू? बघ, फाटकातून कशी निघाली. चुकेल का ट्रेन तुझी?

सून: नाही चुकणार. सावकाश चला.

सासरे: सावकाशच चाललोय. लक्षात आलं नाही का तुझ्या?

(ट्रेन सुटल्यावर बऱ्याच वेळानं. फोनवर.)

सून: बाबा, पोचलात का घरी?

सासरे: हे काय, पोचतोच आहे. तुला खिडकी मिळाली?

सून: मिळाली. समोर एक आजी आहेत, त्यांनी अर्ध्या प्रवासाला पुरेल एवढी चौकशी आत्ताच करून घेतली. बाबा, तुमच्या मागे कसला आवाज येतोय?

सासरे: रेडिओ लावलाय गाडीतला.

सून: गाडीतला रेडिओ बंद पडून वर्ष झालं. ही अनाउन्समेंट आहे.

सासरे: ...स्टेशनबाहेरच आहे गं अजून. जिथे तुला उतरवलं तिथेच.

सून: का? गाडी सुरू होत नाहीये का?

सासरे: सुरूच आहे. गार पडलीय जरा, गरम व्हायची वाट बघतोय.

सून: आत्ता तर एवढी चालवत आणलीत.

सासरे: हो. तरी पडली.

सून: डावा पाय त्रास देतोय का?

सासरे: नाही, तो शहाणा झालाय. आता मान जाते डावीकडे सारखी. तू बसली होतीस तिकडे.

सून: ...जेवण झाकून ठेवलंय. गरम करून खा. तसंच गार खाऊ नका.

सासरे: खाईन.

सून: उद्या पत्त्यांना जा. गाडी घेऊन जा. दाखवा सगळ्यांना.

सासरे: जाईन. जळतील लेकाचे.

सून: मग गरम होऊ द्या गाडी. घाई नाही. मी आहे फोनवर.

सासरे: पुढे बोगदे आहेत तुझ्या वाटेत. आवाज जाईल.

सून: जाईल तेव्हा जाईल. निघायचं झालं की सांगा, मी बेल देते.

सासरे: दे. पण लगेच देऊ नकोस.