दाढ माझी आहे

डॉक्टर: बाई, रूट कॅनाल मीच केलंय आठ महिन्यांपूर्वी. आत नसच उरली नाही, तर दुखणार काय?

शिंपीण: ते दाढेला विचारा. मी तिची वकील नाही.

नवरा: अगं, डॉक्टरांशी असं बोलतात का? अहो, हिला पहिल्यापासून बाऊ करायची सवय आहे.

शिंपीण: तुम्ही गप्प बसा हो. डॉक्टर, हिरडीवर पुळी येते. फुटली की तोंडभर घाण चव. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा भरते. याला बाऊ म्हणतात?

डॉक्टर: पुळीचं मागच्या वेळी नाही बोललात.

शिंपीण: बोलले. तुम्ही वरून लावायला मलम दिलंत.

डॉक्टर: पण एक्स-रे साफ होता.

शिंपीण: समोरून काढलेला ना? बाहीचा झोळसुद्धा समोरून दिसत नाही, कडेने बघावा लागतो. तिरका काढा.

नवरा: झालं. आता ही डॉक्टरांना शिकवणार.

डॉक्टर: नाही, थांबा. तिरका काढायलाच हवा होता. आ करा.

(नवा एक्स-रे पडद्यावर उमटतो.)

डॉक्टर: हं. मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतोय? तिथे जंतू बसलेत. आणि या मुळात नळ्या दोन आहेत. मी एकच साफ केली.

शिंपीण: म्हणजे दुसरीत घाण तशीच, नि वरून कॅप.

डॉक्टर: हो. काढून टाकू दाढ. पाच मिनिटांचं काम, कटकट संपली.

शिंपीण: तुमची संपली. दाढ माझी आहे. माझ्या हातून अस्तर चुकलं तर मी कोट फेकून देत नाही, उसवते नि पुन्हा शिवते. मूळ धड आहे ना?

डॉक्टर: धड आहे. पण कॅप काढा, आधी भरलेलं सगळं उकरा, मग ती नळी शोधा. केसाएवढी असते हो. माझ्याकडे त्या कामाचा मायक्रोस्कोप नाही.

शिंपीण: ज्यांच्याकडे आहे त्यांना चिठ्ठी द्या.

डॉक्टर: लिहितो. ‘पेशंटची दुखण्याची तक्रार आहे...’

शिंपीण: तक्रार खोडा. काय राहिलं ते लिहा.

डॉक्टर: बरं. ‘माझ्याकडून एक नळी साफ करायची राहिली. पेशंट पहिल्यापासून दुखतंय म्हणून सांगत होत्या.’ चालेल?

शिंपीण: चालेल. आता एकदा मोठ्याने वाचा, यांच्याकडे बघून.

नवरा: ऐकलं मी. कुठल्या बाजूची गं, दाढ?

शिंपीण: डावी. आठ महिने त्या बाजूने घास चावला नाही मी. समोरच बसून जेवत होतात.