मेणाच्या बाहुलीचे केस

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड कॉबोल्ड, व्यासपीठावरील शाळा समितीचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती मिस केझिया लोमॅक्स, आणि थॉर्नबेकच्या माझ्या बंधुभगिनींनो,

तीस वर्षं या गावच्या मुलींना शिकवून केझिया उद्या सकाळच्या गाडीने समुद्रकाठी राहायला चालली आहे. ती माझी आतेबहीण. तेव्हा आमच्या घरातल्या तिच्या बालपणाविषयी मी चार गोड शब्द बोलावेत, अशी समितीची इच्छा. मी तिलाच विचारलं, काय बोलू? ती म्हणाली, "काय हवं ते बोल, लेटी. फक्त मी तिथे सुखात होते असं म्हणू नकोस."

हसू नका. ती विनोद करत नव्हती.

मघाशी अध्यक्षमहोदयांनी बाहुलीची गोष्ट सांगितली. लहानपणी खोडकर केझियाने मत्सरापोटी माझी मेणाची बाहुली फोडली, आणि पाहा, तीच पुढे केवढी शिस्तीची मुख्याध्यापिका झाली! सगळे पोट धरून हसलात. केझियाही हसली. रेव्हरंडांचा यात काही दोष नाही, त्यांना ही गोष्ट माझ्या आईनेच सांगितलेली. पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मी चव्वेचाळीस वर्षं गिळून बसले आहे.

आठव्या वर्षी पोरकी होऊन ती आमच्याकडे, आपल्या मामाकडे आली. बरोबर काय होतं? दोन झगे, आणि कागदाच्या पुडीत आईच्या केसांची बट. इथे बसलेल्या किती जणींच्या लॉकेटात गेलेल्या माणसाची बट असेल? तिच्यासाठी लॉकेट कोण करणार होतं? माझ्या आईने, म्हणजे तिच्या मामीने, तिला कधी आमच्या टेबलाशी बसवलं नाही. ती स्वयंपाकघरात थंड मटण खायची आणि ती पुडी उशीखाली घेऊन झोपायची.

माझ्या बाहुलीचे केस फार विरळ होते. मी ती बट चोरली आणि बाहुलीच्या डोक्याला डिंकाने चिकटवली. बरं, गुपचूप ठेवावं ना? तेही नाही. नेऊन केझियाला दाखवली आणि म्हटलं, "बघ, तुझी आई आता माझ्या बाहुलीची झाली."

मी नऊ वर्षांची होते. पण लहान वयाच्या आड मला लपायचं नाही. हे ऐकून ती रडेल, हे मला चांगलं कळत होतं. म्हणूनच तर म्हटलं.

तिने झडप घातली. ओढाताणीत बाहुली फरशीवर पडली आणि डोकं फुटलं. आई धावत आली, हिने असं का केलं म्हणून मला विचारू लागली. केझिया माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मी खरं सांगीन. मी म्हटलं, "जळते माझ्यावर." आठवड्याच्या आत तिची रवानगी डोंगरापलीकडच्या अनाथ मुलींच्या शाळेत झाली. तिथल्या थंडीत सुजलेली तिची बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्याच बोटांनी तिला खडू धरताना तुम्ही पाहिलं आहे.

इतकी वर्षं एकाच गावात राहिलो, आणि माफी मागायला मी गेले ती गेल्या रविवारी. लाज वाटते सांगायला. तिने शांतपणे चहा ओतला. मग हळूच विचारलं, "ती बट तू कुठे ठेवलीस गं?"

एवढा काळ तिला वाटत होतं की मी ती जपून ठेवली असेल. आईने ती फुटक्या मेणाबरोबर झाडून आगीत टाकली होती, आणि मी बघत उभी होते. हे मला तिच्या तोंडावर सांगावं लागलं. ती म्हणाली, "मला आता आईच्या केसांचा रंगही आठवत नाही. तुला आठवतो?"

मी तशीच उठून घरी आले.

अध्यक्षमहोदय, आपण मला बोलू दिलंत, मी आभारी आहे. समारंभाला न शोभणारं बोलले असेन, तेवढं सर्वांनी पोटात घालावं. बाकीची माफी या सभागृहाने द्यायची नाही.

केझिया, तांबूस होते गं. उन्हात धरले की सोनेरी दिसायचे. डिंक लावण्याआधी मी ते खिडकीत धरून पाहिले होते.